स्वतःचा कॅलिपर स्वतः बनवता येतो का? एका जुन्या कॅलिपरवाल्याचं उत्तर

सेलूकडच्या एका शेतकरी भावाचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४१, दीड वर्षाचा असताना डाव्या पायाला पोलिओ. मांडीत जोर नाही, म्हणून हात मांडीवर दाबून चालणं. शिबिरात मिळालेला कॅलिपर, म्हणजे अशक्त पायाला बांधायची आधाराची पट्ट्यांची चौकट, लोखंडी, जड आणि गुडघा कायम ताठ ठेवणारा. दोन महिने घातला आणि माळ्यावर टाकला. आता गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून आपल्या डोक्याने हलका कॅलिपर बनवून घ्यायचा आहे. जमेल का, आणि सुरुवात कुठून करू?

भाऊ, जमेल. मी स्वतः चौथ्या कॅलिपरवर चालतो आणि त्यातले तीन माझ्याच हातचे आहेत. फक्त तुमच्या प्रश्नात वेल्डिंगवाला फार लवकर आला. त्याचं काम शेवटी आहे, आणि खरं तर वेल्डिंगचं काम जवळपास नाहीच. त्यावर पुढं येतो.

माझं सांगायचं तर जालन्यात फॅब्रिकेशनचं दुकान. ग्रिल, शटर, ट्रॉल्या करण्यात आयुष्य गेलं. उजवा पाय पोलिओचा. पस्तिशीपर्यंत मीही तुमच्यासारखाच मांडीवर हात टेकवून चालायचो. मग पायाऐवजी खांदा आणि कंबर बोलायला लागले, तेव्हा शुद्धीवर आलो.

आधी हे समजून घ्या की आपण हात काहून टेकवतो. मांडीच्या पुढच्या स्नायूचं चालतानाचं मोठं काम म्हणजे अंगाचं वजन त्या पायावर आलं की गुडघा दुमडू न देणं. तो स्नायू गेला की आपण हाताने गुडघा मागं दाबतो. पण सपाट फरशीवर सरळ उभं राहून हात हळूच काढून बघा. बऱ्याच जणांचा गुडघा तेव्हा दुमडत नाही. कारण अंगाच्या वजनाची रेघ गुडघ्याच्या पुढून खाली जाते आणि तीच रेघ गुडघ्याला मागं ढकलून ताठ ठेवते. रेघ गुडघ्याच्या मागं गेली की खेळ संपला, माणूस खाली. फरक एक-दोन बोटांचा असतो. शिबिरातला तुमचा कॅलिपर ह्या रेघेचा विचारच करत नाही. तो गुडघ्याला सरळ कुलूप घालतो. कुलूप घालायचं म्हटलं की पट्टी जाड आली, पट्टी जाड आली की वजन आलं, आणि वजन आलं की माळा आला.

म्हणून पहिलं हत्यार ग्राइंडर नाही, गवंड्याचा ओळंबा. दाराच्या चौकटीला टांगा. एका हाताने चौकट धरून असं उभं राहा की ओळंब्याचं टोक बाहेरच्या घोट्याच्या दोन-तीन बोटं पुढं येईल. साधारण तिथंच उभ्या माणसाचं वजन उतरतं. आता लेकराला बाजूने फोटो काढायला सांगा. गुडघ्याचा मध्य दोरीच्या मागं आहे की पुढं, ते बघा. मग टाचेखाली शंभर पानी वही ठेवून परत उभे राहा, चौकट सोडू नका. गुडघा पुढं सरकलेला दिसेल आणि पाय डळमळेल. मग वही चवड्याखाली ठेवा. गुडघा मागं जाईल. ह्या पाच मिनिटांत कळतं की टाच उंच असलेला बूट तुम्हाला का पाडतो, आणि घोट्याचा कोन बदलून गुडघा कसा सांभाळता येतो.

ह्याच जागी एक धोक्याची गोष्ट सांगून ठेवतो. पोलिओच्या काही पायांची टाच जमिनीला पुरती टेकत नाही, माणूस चवड्यावर चालतो. दिसायला ती खोड आहे, पण ती थोडीशी ओढच कधी कधी गुडघ्याला मागं धरून ठेवत असते. गुडघा थोडा मागं कललेला असतो त्याचंही तसंच. माझ्या ओळखीच्या एकाने टाच टेकावी म्हणून ऑपरेशनने टाचेमागची धोंडशीर लांब करून घेतली. टाच टेकली आणि गुडघा दुमडायला लागला. ऑपरेशन वाईट असतं असं मी म्हणत नाही. पण गुडघ्याचा हिशेब न करता घोट्याला हात लावू नये, ऑपरेशननेही नाही आणि कॅलिपरनेही नाही.

दुसरी तपासणी खाटेवर. पालथे झोपा, पाय सैल सोडा. गुडघा पूर्ण सरळ होतो का? नसेल, आणि वाकडेपणा डोळ्यांना दिसण्याइतका असेल, तर मी पुढं जे सांगणार आहे ते तुमच्यासाठी नाही. आधी फिजिओथेरपी, ताण देणं, गरज पडली तर हाडांचे डॉक्टर. वाकलेल्या गुडघ्याला जबरदस्तीने सरळ पट्टीत बांधलं तर कातडी फाटते. आणि गेल्या दोन-चार वर्षांत जोर आणखी कमी झाला, लवकर थकवा येतो, चांगला पायही दुखतो असं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. पोलिओ होऊन पंधरा-वीस, तीस-चाळीस वर्षांनी नवा अशक्तपणा येतो, त्याला पोस्ट-पोलिओ म्हणतात. त्यात व्यायामाचा अट्टहास केला तर उलटं होतं.

आता वजनाकडं. लोखंडाची २० बाय ५ मिलिमीटरची पट्टी मीटरला ७८५ ग्रॅम भरते. मांडीपासून घोट्यापर्यंत दोन बाजूंना मिळून दीड मीटर पट्टी लागली तर नुसत्या पट्ट्याच पावणेबाराशे ग्रॅम झाल्या; सांधे, पट्टे, बूट वेगळे. तीच जागा अॅल्युमिनियमची २० बाय ६ ची पट्टी पाचशे ग्रॅमच्या आत भरून काढते. पण एकूण वजनापेक्षा ते कुठं आहे ते जास्त छळतं. पावलाजवळचे दोनशे ग्रॅम मांडीजवळच्या दोनशे ग्रॅमपेक्षा कितीतरी जड लागतात, कारण प्रत्येक पावलाला तो लंबक तुम्हालाच झुलवायचा असतो. कुदळीचा फाळ धरून कुदळ उचला आणि मग दांड्याचं टोक धरून उचला, तसंच. म्हणून माझी सगळी काटकसर गुडघ्याच्या खाली असते.

अॅल्युमिनियम म्हटलं की लोक खिडकीच्या सेक्शनवाल्याकडं जातात. ते नका करू. खिडकीचं अॅल्युमिनियम मऊ असतं, ६०६३ नंबरचं. आपल्याला ६०६१ टी-६ किंवा त्याहून कडक हवं. आणि म्हणूनच सांगितलं की वेल्डिंगवाल्याचं काम नाही. ह्या कडक अॅल्युमिनियमला वेल्डिंगची आच लागली की त्या जागेचा कडकपणा उतरतो. वरून टाका सुंदर दिसतो, आणि पट्टी नेमकी टाक्याच्या शेजारी तुटते. सगळं नट-बोल्ट आणि रिव्हेटवर करायचं.

माझा पहिला कॅलिपर टाक्यामुळं नाही, एका भोकामुळं तुटला. मांडीच्या आकाराला पट्टी वाकवली होती आणि पट्ट्याचा रिव्हेट बसवायला भोक पाडलं ते बरोबर वाकाच्या पोटात. शिवाय व्हाइसच्या दातांचे ओरखडे तसेच राहिले होते. सात महिने चालला. एके दिवशी दुकानात शटरची पट्टी उचलताना ‘टक्’ असा बारीक आवाज आला, वाटलं बोल्ट पडला. खाली वाकून बघितलं तर पट्टीला भोकापासून कडेपर्यंत केसासारखी चीर. लोखंड वाकून इशारा देतं. अॅल्युमिनियम लाखो पावलं गुमान सहन करतं आणि मग एकदम सोडतं. तेव्हापासून नियम: वाकावर भोक नाही. व्हाइसच्या जबड्यात चामड्याचा तुकडा. वाक मोठ्या गोलाईचा, एकदाच. परत सरळ करून पुन्हा वाकवायचा नाही. आणि कानस, पॉलिश पेपर पट्टीच्या लांबीच्या दिशेनेच, आडवा एकही ओरखडा ठेवायचा नाही. दर महिन्याला उन्हात बसून चिरा शोधायच्या. नख फिरवलं की कळतं.

पट्टे कुठं बांधायचे हे धातूपेक्षा महत्त्वाचं, आणि इथं मी स्वतःचं नुकसान करून शिकलो. गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला बोट फिरवा. हाडाची एक गाठ लागेल. तिच्या जरा खाली, हाडाच्या मानेला वळसा घालून एक नस कातडीच्या अगदी जवळून जाते. पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंना तीच चालवते. माझ्या दुसऱ्या कॅलिपरची पोटरीची पट्टी मी ‘घट्ट बसावी’ म्हणून नेमकी त्या गाठीखाली चेपली. तीन दिवस पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या आल्या, मी म्हटलं नवीन आहे, होईल सवय. आठवड्याने अंगठा उचलेना. पोलिओने माझ्या पावलात जेवढा जोर शिल्लक ठेवला होता तोही जवळपास दोन महिने गेला होता. नशीब, परत आला. गाठीपासून पट्टीची वरची कड किमान दोन बोटं खाली ठेवा. आणि मुंग्या आल्या की कॅलिपर काढायचा, सवय करायची नाही.

पोलिओवाल्याचं एक बरं असतं: पायाला जोर नसतो पण संवेदना असते. कुठं चावतंय ते कळतं. ज्यांना साखरेमुळं, कुष्ठरोगामुळं किंवा मणक्याच्या दुखण्यामुळं पायाची जाणीव गेलीय त्यांनी हे उत्तर वाचून काहीही बनवू नये. त्यांना जखम झाल्यावर कळतं. लहान लेकरांवरही घरचा प्रयोग नको, त्यांचं हाड वाढत असतं.

आता सांधा. बाजारातला साधा सांधा म्हणजे बिजागरी आणि तिच्यावर घसरणारी कडी. पाय सरळ झाला की कडी खाली पडते, बसताना हाताने वर ओढायची. तुम्ही कपाशीत काम करत असाल तर मला सांगायची गरज नाही. आपली काळी माती त्या कडीत शिरली आणि वाळली की सिमेंट होतं. माझ्या सांध्याची पिन पट्टीच्या मधोमध नाही, पट्टीच्या मागं साधारण बारा मिलिमीटर सरकवलेली आहे. कारण तुम्हाला आता ओळखू येईल: पिन मागं गेली की वजनाची रेघ आपोआप तिच्या पुढं पडते. सपाट जागेवर, गुडघा पूर्ण सरळ होत असेल आणि घोटा फार पुढं झुकू दिला नाही तर कुलपाशिवाय पाय उभा राहतो आणि पाऊल उचलल्यावर गुडघा वाकतो. चालणं माणसासारखं दिसतं. उतारावर आणि सरीत मात्र हा सांधा दगा देतो. तिथं कुलूप पाहिजेच.

ते कुलूप मी सायकलच्या ब्रेकच्या वायरीवर केलं. पहिल्यांदा उलटं केलं होतं: वायर ओढलेली असली की कुलूप लागणार, सोडली की उघडणार. मोंढ्यात तुरीच्या थप्पीजवळून जात होतो, हातात हिशोबाची वही. निपलजवळ वायरीच्या तारा एकेक करून तुटत आल्या होत्या, त्या दिवशी शेवटची गेली. कुलूप उघडलं आणि मी सरळ पोत्यावर. पोतं नसतं तर मांडीचं हाड गेलं असतं. पोलिओच्या पायाची हाडं पातळ असतात, साध्या पडण्यातही मोडतात. हमालाने उठवलं आणि विचारलं, “शेठ, ब्रेक फेल का?” अगदी तेच झालं होतं.

घरी आल्यावर सगळं उलटं केलं. आता स्प्रिंग कुलूप लावते आणि वायर फक्त उघडते; वायरीचं ओढायचं टोक पँटच्या खिशात आणलंय. वायर तुटली तर फार तर बसता येणार नाही, पडणार नाही. दोन्ही बाजूंच्या खिट्या गुडघ्यामागून वाकवलेल्या एका सळईने जोडल्या, म्हणजे एका ओढीत दोन्ही सुटतात आणि चौकट पिळत नाही. खिटीच्या खाचेला उतार असा दिला की पायावर वजन असताना ती ओढूनही निघत नाही. आधी गुडघा मागं दाबायचा, मग सुटते. चुकून खिशात हात गेला तरी घात होत नाही. मांडीच्या पट्टीवर एक छोटा खटका आहे, तो अडकवला की खिट्या वरच राहतात. फरशीवर मोकळा, शेतात कुलूपबंद.

वर्षभर मी हा शोध लावल्याच्या थाटात फिरलो. मग पुण्यात एका कॅलिपर बनवणाऱ्या तंत्रज्ञाने तो हातात घेतला, सळई बघितली आणि म्हणाला, “काका, ह्याला आम्ही स्विस लॉक म्हणतो.” पिन मागं सरकवणंही त्यांच्या पुस्तकात आधीपासून होतं. पेटंटची स्वप्नं तिथंच बसली. पण राग नाही आला. १८६१ साली अमेरिकेत हँगर नावाच्या तरुण सैनिकाचा पाय युद्धात गेला, आणि त्याने पिंपाच्या लाकडी फळ्यांतून स्वतःचा पाय घडवला. लाकडी पाय त्याच्याआधीही होतेच. घालणारा बनवायला बसला की त्याला वेगळं दिसतं, एवढंच. वायर खिशापर्यंत आणणं त्या तंत्रज्ञाने माझ्याकडून घेतलं, हेही सांगून टाकतो.

सांध्याचं काम लेथवाल्याकडून करून घ्या. पिन चांगल्या पोलादाची, बुश, म्हणजे पिनेभोवतीची नळी, फॉस्फर ब्राँझचा. आतला आणि बाहेरचा सांधा एका रेषेत हवा. जोडताना दोन्ही भोकांतून एकच सरळ सळई आरपार घालून बघा. ती अडली तर सांधे एकमेकांशी भांडणार, आणि महिन्याभरात बुश अंडाकृती. सांधा तुमच्या गुडघ्याच्या जागेवर आहे का, ते असं कळतं: उभं राहून मांडीच्या पट्टीच्या कडेला पेनाने रेघ ओढा आणि खुर्चीवर बसा. पट्टी रेघेवरून बोटभर सरकली तर जागा चुकली.

पावलाबद्दल माझं मत पक्कं आहे: बुटाला ठोकलेला कॅलिपर आपल्याकडं निकामी. घरात शिरताना, देवळात, सप्त्याच्या पंगतीत पायातलं काढावं लागतं, आणि बूट काढला की कॅलिपरही गेला. जयपूर फूट १९६८ साली घडला तो ह्याच विचाराने, की आपला माणूस अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, चिखलात उतरतो. तेव्हा पावलाखाली आणि पोटरीमागं पॉलिप्रॉपिलिन प्लॅस्टिकचा साचा असू द्या. तो मागं पट्टा असलेल्या कुठल्याही सँडलमध्ये बसतो आणि सँडलशिवायही चालतो. सँडलची टाच मऊ हवी. कडक टाच जमिनीला लागली की गुडघा पुढं ढकलते. पाय आखूड असेल तर उंची पूर्ण भरून काढू नका, एखादा सेंटिमीटर कमीच ठेवा, नाहीतर कुलूप लावलेला पाय पुढं आणताना चवडा अडकतो. आत सुती मोजा. मे महिन्यात त्या प्लॅस्टिकमध्ये पाय शिजतो, म्हणून पोटरीच्या भागाला भोकं पाडून घ्या, कडांपासून लांब.

हा साचा मात्र घरी नका बनवू. ते काम शिकलेल्या ऑर्थोटिस्टचं, म्हणजे कॅलिपरसारखे आधार बनवणाऱ्या तज्ज्ञाचं. ते लोक भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदलेले असतात, तो नंबर विचारायला लाजू नका. प्लास्टरने माप तेच घेतात, उभ्या पायाचा कोन तेच ठरवतात. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासूनची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, पुण्यात १९४४ पासूनचं सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र. जवळचं म्हणाल तर जिल्हा रुग्णालयात आधी विचारा. युडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर काढा, सरकारी योजनेतून साचा आणि पट्ट्या मिळाल्या तर तुमचा खर्च फक्त सांध्याचा राहील. शिबिरातला कॅलिपरही टाकू नका. त्याचे पट्टे, बकला आणि मापं कामाला येतील.

घाई करा एवढं मात्र म्हणेन. देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मधला. चांगलंच झालं. पण आमच्याकडं कॅलिपर बनवणारे दोघे होते, एकाने दुकान बंद केलं, दुसऱ्याचा मुलगा आता गुडघेदुखीचे पट्टे विकतो. हे काम जाणणारी माणसं कमी होतायत.

पहिल्यांदा उभं राहाल तेव्हा अंगणात दोन बाजा उभ्या करून मध्ये जागा करा, त्या घट्ट बांधा, आणि त्यांना धरून चाला. पहिला आठवडा फक्त कुलूप लावून, रोज अर्धा तास. काढल्यावर कातडी बघा. लाल डाग वीस मिनिटांत गेला तर ठीक. राहिला तर त्या जागची पट्टी ठोकून बाहेर घ्या, कापूस भरून दाबू नका. खटका अडकवून मोकळं चालणं तिसऱ्या आठवड्यानंतर, आणि तेही आधी सिमेंटवर. शेतात पाऊस पडायच्या आत सराव झालेला बरा.

आता ओळंब्याचे तीन फोटो काढून पाठवा: सपाट, टाचेखाली वही, चवड्याखाली वही. पँट मांडीपर्यंत दुमडा आणि गुडघ्याच्या बाजूला पेनाने टिंब करा, मागच्या वेळी एकाने धोतरात फोटो पाठवला होता.